पेन्शन आणि दवाखाना : तुमच्या घरात काय घडलं?

मार्च 2023 चा संप आठवतो ना? 14 ते 20 मार्च, कचेऱ्या आणि शाळा ओस, आणि सगळीकडे एकच घोषणा : 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. त्याआधी डिसेंबर 2022 मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात सांगितलं होतं की जुनी योजना (पगारातून कपात नाही, तरी शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन) परत आणली तर राज्याच्या तिजोरीवर 1 लाख 10 हजार कोटींचा बोजा पडेल. दोनच महिन्यांत नागपूर शिक्षक मतदारसंघात भाजपचा पाठिंबा असलेला उमेदवार पडला. मग संप, मग अभ्यास समिती. 25 ऑगस्ट 2024 ला, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, केंद्राच्या घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी राज्याने युनिफाइड पेन्शन स्वीकारली : 25 वर्षं सेवा झाली असेल तर शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन.

बोजा किती, मतं किती, हे हिशेब वर होत राहतात. पेन्शन खात्यात आल्यावर औषधाला किती जाते, हे घरातलेच जाणतात. ते लिहा. कार्यालयाचं, हॉस्पिटलचं नाव नको.

वांद्रे, राज्य शासनात नोकरी

आमच्याकडे सगळं 1 नोव्हेंबर 2005 या तारखेवर अडतं : त्याआधी लागलेले जुन्या पेन्शनमध्ये, तेव्हापासूनचे नव्या योजनेत. माझ्या भरतीची जाहिरात त्याआधीची, नेमणुकीचं पत्र मात्र 2006 मध्ये हातात पडलं. कागद फिरायला शासनाला वेळ लागला आणि जुनी पेन्शन माझी गेली. जानेवारी 2024 मध्ये मंत्रिमंडळाने आमच्यासारख्यांना जुनी पेन्शन निवडायचा विकल्प दिला. मी तो भरला.

माझ्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण पुढच्या जाहिरातीतून लागली. काम तेच, साहेब तेच. तिच्या पगारातून 10 टक्के कापतात, सरकार 14 टक्के घालतं. नव्या योजनेत राहिली तर निवृत्त होताना 60 टक्के हातात आणि 40 टक्क्यांची ॲन्युइटी, म्हणजे ती रक्कम विमा कंपनीत गुंतवून मिळणारी पेन्शन. महिन्याला किती येतील ते बाजार ठरवणार. आता युनिफाइड घ्यावी की नको, याची आकडेमोड ती डब्याच्या सुट्टीत कागदावर करत असते. विकल्पाचा अर्ज दिला त्या दिवशी मला तिच्याशी धड बोलता आलं नाही. ही फूट आमच्यात कर्मचाऱ्यांनी पाडलेली नाही.

परळ, महापालिकेत परिचारिका

आमची तारीख 5 मे 2008. त्याआधी लागलेल्या सिस्टर जुन्यात, नंतरच्या नव्यात. रात्रपाळी तीच, वॉर्डही तोच. एवढंच लिहिते, ड्यूटीवर निघायचंय.

भांडुप, कारखान्यातून निवृत्त

सरकारी लोकांच्या चर्चेत आम्ही बसत नाही, तरी लिहितो. माझी पेन्शन ईपीएस-95 ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीतल्या कामगारांसाठीच्या 1995 च्या योजनेची. मी निवृत्त झालो तेव्हा पगाराची मर्यादा 6,500 धरायचे. खरा पगार त्याहून जास्त होता, पण पेन्शनच्या हिशेबात तो आलाच नाही. आज दोन हजारही हातात येत नाहीत आणि महागाई भत्ता नाही. किमान पेन्शन सप्टेंबर 2014 पासून 1,000 रुपये झाली. त्याच्या आदल्या वर्षी संसदेच्या कोश्यारी समितीने 3,000 सांगितले होते. आमच्या संघटना 7,500 आणि महागाई भत्ता मागतात.

मला साखर आणि बीपी दोन्ही आहे. गोळ्या जेनेरिक घेतो, तरी पेन्शन मेडिकलवाल्याकडेच जाते. बाकी मुलगा बघतो, आणि तो कधी तोंडातून शब्द काढत नाही, याचंच जास्त लागतं. सरकारी माणसाचं काढून घ्या असं मी कधीच म्हणणार नाही. आमचंही बघा, एवढंच.

मुलुंड, निवृत्त शिक्षकाची मुलगी

बाबांना जुनी पेन्शन पूर्ण मिळते, तक्रार नाही. ते 74 वर्षांचे. गेल्या पावसाळ्यात न्हाणीत पडले, खुबा मोडला. 70 वर्षांवरच्यांना आयुष्मान भारत या सरकारी योजनेतून उपचारासाठी वर्षाला 5 लाखांचं संरक्षण मिळतं, म्हणून मी कार्ड आधीच काढून ठेवलं होतं. खासगी हॉस्पिटलच्या काउंटरवर ते कार्ड उलटंपालटं करून परत दिलं : "आमच्याकडे चालत नाही, अनामत भरा." तोपर्यंत बाबा स्ट्रेचरवर, माझी ओढणी मुठीत धरून. शेवटी महापालिकेच्या रुग्णालयात नेलं. खाट मिळायला वेळ लागला, पण डॉक्टरांनी जीव ओतून काम केलं.

खरा खर्च घरी आल्यावर सुरू झाला. बाबांना सांभाळायला ब्युरोतून आणलेली बाई, फिजिओ, डायपर, भाड्याची खाट. यातलं काही कुठल्याच योजनेत बसत नाही. बाबांची महिन्याची पेन्शन त्या बाईच्या पगारातच जाते.

दादर, लेखा विभागातून निवृत्त

माझं मत अनेकांना रुचणार नाही. राज्याच्या महसुलातला निम्म्याहून अधिक पैसा पगार, पेन्शन आणि व्याजात जातो. त्या फाइली मी हाताळल्या आहेत, बोजा खोटा नाही. पण तोच आकडा कर्मचाऱ्यांच्या तोंडावर फेकायचा आणि निवडणूक आली की खिशात घालायचा, हे मला मान्य नाही.

भांडुपच्या काकांचं वाचून माझा आग्रह आणखी पक्का झाला. मी सेवेत असताना औषधोपचाराची बिलं प्रतिपूर्तीला लावली आहेत. निवृत्त झाल्यावर, गरज वाढली तेव्हाच, ती सोय संपली. पुढचा संप झाला तर मागणीपत्रात पहिली ओळ म्हाताऱ्यांच्या उपचाराची असावी, आणि त्यात ईपीएसवाले, घरकाम करणाऱ्या बायका, सगळे असावेत. मुलुंडच्या ताई, ब्युरोच्या त्या बाईंना म्हातारपणी काय मिळणार आहे, तेही त्यांना विचारून इथे लिहा.