मदत हवी आहे: तिरंदाजीच्या दिवसभराच्या निवड चाचणीसाठी किट बॅग कशी भरावी? (कंपाउंड बो, इंदूर ते जबलपूर)

रामबाग_इंदूर

नमस्कार मंडळी. माझी भाची 15 वर्षांची आहे, कंपाउंड बोवर (टोकांना चाकं असलेल्या धनुष्यावर) तिरंदाजी करते. पुढच्या आठवड्यात जबलपूरला तिची एका दिवसाची निवड चाचणी आहे. दादा कामासाठी बाहेरगावी आहे आणि वहिनींच्या शाळेत नेमकी तेव्हाच सहामाही, त्यामुळे सोबत मी जाणार. रात्री ओव्हरनाइट एक्स्प्रेसने निघायचं, सकाळी उतरून थेट मैदान गाठायचं आणि त्याच रात्री परतीची गाडी. मधे खोली वगैरे काही घेतलेली नाही, म्हणजे जे लागेल ते सगळं दिवसभर आमच्याजवळच हवं.

कोच मुलांची तुकडी घेऊन आधीच पुढे गेलेत. "किट नीट तपासून आणा," एवढाच त्यांचा निरोप आहे. त्यांच्यामागे वीसेक पोरं आहेत, दर तासाला फोन करून त्यांना पिडणं मला बरं वाटत नाही. भाची म्हणते, "आत्या, मला सगळं माहितीये." तिला खेळातलं माहीत आहे हे खरंच. पण घरून निघताना पाण्याची बाटली विसरणारी मुलगी आहे ती, म्हणून बॅगेची जबाबदारी मी माझ्याकडे घेतली आहे.

नेटवर कंपाउंड बोची बॅग कशी भरायची ते शोधलं तर बहुतेक सगळं अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचं निघतं. हरणाच्या शिकारीला पहाटे निघताना काय न्यायचं त्याचे तासतासभराचे व्हिडिओ आहेत. अंगाचा वास मारणारा स्प्रे, झाडावर बसायचा पट्टा, हरणाला बोलावणारी शिट्टी, सोलायचा चाकू, असं काय काय. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि आम्हाला तर कागदाच्या टार्गेटवर बाण मारायचेत. पण धनुष्य त्याच जातीचं, त्यामुळे त्यातलं काही आपल्या कामाचं असेलच. कुठलं घ्यायचं आणि कुठलं सोडायचं, ते मला कळत नाही.

दुसरी अडचण जास्त काळजीची आहे. तिचा बो वापरलेला घेतलाय. बो उत्तम आहे, पण त्याच्या दोन्ही लिंब्जवर (धनुष्याच्या वरच्या-खालच्या लवचिक भुजांवर) झाडपाल्याची छपाई आहे, लष्करी कपड्यांवर असते तशी. सोबत मिळालेली बॅगही त्याच कापडाची. आतापर्यंत सरावात कोणी हरकत घेतली नाही, पण तिथे सामानाचं इन्स्पेक्शन असतं म्हणे. तिथे अडवलं तर?

सध्या बॅगेत बो, साईट (नेम धरायचं साधन), स्कोप (त्यावरचं भिंग), स्टॅबिलायझर (तोल राखणारा दांडा), रिलीज (दोरी ओढून सोडायचं हातातलं साधन), एक डझन बाण, क्विव्हर (भाता) आणि ॲलन कीचा संच एवढं आहे. यापलीकडे काय लागतं? खेळणाऱ्यांनी आणि खेळणाऱ्यांच्या घरच्यांनी कृपया सांगा. 2023 मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी बर्लिनला जगज्जेती झाली, ते बघून आमच्या मुलीने हा खेळ धरला. वस्तू राहिली म्हणून तिचा दिवस वाया गेला, असं माझ्या हातून व्हायला नको.

सरळरेषा

रामबागताई, आधी छपाईचं बघा, ते आजच मार्गी लावा. वर्ल्ड आर्चरीच्या (खेळाच्या जागतिक संघटनेच्या) नियमांत कॅमफ्लाज रंगसंगती चालत नाही, सामानावरही नाही आणि कपड्यांवरही नाही. आपल्याकडच्या स्पर्धा त्याच नियमांवर चालतात. राज्य पातळीवर कधी डोळेझाक होत असेल, पण त्या भरवशावर जाऊ नका. गाड्यांवर रेडियम लावणाऱ्याकडून साधं काळं किंवा लाल व्हिनाइल घ्या आणि लिंब्जच्या बाहेरच्या बाजूवर बसवा. स्ट्रिंग, केबल किंवा कॅमच्या (टोकाच्या चाकाच्या) वाटेत टोक येता कामा नये. स्प्रे पेंट मुळीच मारू नका. काम झालं की फोटो काढून कोचना पाठवा, म्हणजे त्यांचंही मत मिळेल. बॅग साधी घ्या, क्रिकेटची लांब किटबॅगही चालते, फक्त आत फोम हवा.

शिकारीसाठी बनवलेला बो असेल तर पाउंडेजही (ओढायला किती जोर लागतो तो आकडा) बघून ठेवा. त्यातले काही 70 पाउंडांपर्यंत जातात. स्पर्धेत कंपाउंडला 60 पाउंडांची मर्यादा आहे. तुमची मुलगी त्याच्या बरीच खाली असणार, पण इन्स्पेक्शनला विचारलं तर तिला आकडा सांगता यायला हवा.

आता बॅग. माझा हिशोब असा: मैदानावर उसनं काय मिळतं आणि काय मिळत नाही. ॲलन की, टेप, पेन, दुर्बीण शेजारची मुलं आनंदाने देतात. पण तिच्या अंगाच्या मापाचं जे आहे ते कोणाकडेच मिळणार नाही. त्यात पहिला नंबर रिलीजचा. तो हरवला किंवा अडकला तर कंपाउंड बो बोटांनी ओढून स्पर्धा खेळता येत नाही, खेळ तिथेच थांबतो. म्हणून दुसरा रिलीज हवाच, तोही त्याच प्रकारचा, तसाच सेट केलेला आणि सरावात वापरून हाताला बसलेला. नवा कोरा रिलीज मैदानावर पहिल्यांदा पिशवीतून काढण्यात अर्थ नाही.

दुसरा नंबर बाणांचा. एका फेरीत सहा लागतात, तुमच्याकडे डझन आहेत म्हणजे पुरे. पण नॉक (बाणाच्या मागची, स्ट्रिंगवर बसणारी खाच) जास्तीचे घ्या, त्याच कंपनीचे, त्याच मापाचे. 50 मीटरवर चांगल्या मुलींचे बाण एकमेकांना खेटून बसतात आणि मागून आलेला बाण आधीच्याचा नॉक फोडतो. प्रत्येक बाणावर तिची आद्याक्षरं लिहिलेली असू द्या.

दूरदेशी

मी मूळचा बडोद्याचा, सध्या विस्कॉन्सिनमध्ये असतो. इथे धनुष्याने हरणांची शिकार कायदेशीर आहे, सप्टेंबरच्या मध्यावर हंगाम उघडतो आणि मी दरवर्षी जातो. तुम्ही पाहिलेले व्हिडिओ आमच्यासारख्यांचेच असणार, म्हणून सांगतो.

वासाचा स्प्रे, शिट्टी, चाकू, ओढायचा दोर, हेडलॅम्प हे सगळं सोडा. झाडावरचा पट्टा पडू नये म्हणून असतो, जमिनीवर त्याचं काम नाही. रेंजफाइंडरही नको. आम्हाला हरण किती लांब आहे ते माहीत नसतं, तुमचे 50 मीटर आखलेले असतात. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून आम्ही पावडरीची छोटी बाटली ठेवतो. तुमच्या टार्गेटवर त्यासाठी झेंडी असते. ब्रॉडहेड, म्हणजे पात्यांचं शिकारी टोक, चुकूनही बॅगेत राहू देऊ नका. वापरलेलं सामान घेतलंय ना, मग बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झटका. जुन्या मालकाचं एखादं पातं अस्तरात अडकलेलं असू शकतं. वस्तऱ्यासारखं धारदार असतं ते, आणि रेल्वे पोलिसांनी बॅग उघडली तर समजावत बसावं लागेल.

घ्यायचं ते हे: चांगली दुर्बीण, म्हणजे बाण कुठे लागला ते रेषेवरून दिसतं आणि साईट लगेच हलवता येते. डी-लूपची (रिलीज अडकवायच्या स्ट्रिंगवरच्या फासाची) दोरी मापाने कापून, दोन्ही टोकं जाळून गोळी केलेली, दोन-तीन तुकडे. ते बांधताना ताणायला छोटी पक्कड. स्ट्रिंगचं मेण. दातांचा फ्लॉस, कारण स्ट्रिंगवर गुंडाळलेला सर्व्हिंगचा धागा सुटला तर त्याने तात्पुरतं बांधून घेता येतं. यातलं काही उपयोगी पडू नये हीच इच्छा, पण वजन सगळ्याचं मिळून मूठभर.

आम्ही जंगलात जायच्या आधी आणखी एक गोष्ट करतो, ती तुम्ही घरी करा. प्रत्येक कार्बन बाण दोन्ही टोकांना धरून, चेहऱ्यापासून लांब, हलकासा वाकवायचा. मग थोडा फिरवून पुन्हा वाकवायचा. कान द्यायचा. बारीकसाही कडकड आवाज आला किंवा बोटाखाली खरखर लागली, तर तो बाण बाजूला. तडकलेला बाण सुटताना फुटला तर त्याच्या काड्या हातात घुसतात. ही तपासणी मी कधी सोडत नाही.

तानसेननगर

आमची ग्वाल्हेरची मुलगी रिकर्व्ह (चाकं नसलेलं धनुष्य) खेळते, पण दिवस तसाच उन्हाचा असतो, म्हणून आईच्या बाजूने लिहिते.

ऑक्टोबरात सकाळी गवतावर दव असतं आणि अकरानंतर ऊन चटके देतं. बंद बूट आणि मोज्यांचा जास्तीचा जोड न्या, ओल्या मोज्यांत मुली दिवसभर उभ्या राहतात. चपला-सँडल मैदानावर चालत नाहीत. मोठी छत्री, खाली अंथरायला ताडपत्री, घडीची खुर्ची जमली तर. सनस्क्रीन तुम्ही तिच्या मानेला आणि हातांच्या मागच्या बाजूला लावा. तळव्याला लागलं की ग्रिप निसटते, म्हणून तिने स्वतः लावलं तर लगेच साबणाने हात धुवायचे. कानात लोंबतं काही नको, स्ट्रिंग गालाला लागूनच असते. केस घट्ट बांधायचे. शर्ट सैल असेल तर चेस्ट गार्ड विसरू नका.

आणि मुलींच्या बाबतीत कुठल्याही यादीत नसतं ते: पॅड, एक जास्तीची गडद पँट, कागदी साबण, टिश्यू. तारखा काही असोत, ठेवाच. मैदानावरच्या स्वच्छतागृहाचा नेम नसतो आणि पोरी त्या भीतीने पाणी पीत नाहीत. मग दुपारी डोकं दुखतं, हात थरथरतात आणि सगळ्यांना वाटतं टेन्शन आलं. तिला घोट घोट पाणी प्यायला लावणं हे तुमचं मुख्य काम. ओआरएसची पाकिटं घ्या.

खायला दशम्या आणि कोरडी चटणी, केळी, चिक्की. इंदूरकरांना शेव लागतेच, पण ती परतीच्या गाडीत. तेलकट हाताने रिलीज धरू देऊ नका.

सरळरेषा

एक राहिलं. निघण्याआधी बो जसा लावलेला आहे तसा मोजून ठेवा. ब्रेस हाइट (ग्रिपपासून स्ट्रिंगपर्यंतचं अंतर) आणि एक्सलपासून एक्सलपर्यंतचं (दोन्ही चाकांच्या आसांमधलं) अंतर, दोन्ही टेपने मोजून कागदावर. 50 मीटरचा साईटचा आकडा त्याच कागदावर, आणि पीप (स्ट्रिंगमधलं बघायचं छिद्र) व नॉकिंग पॉइंटचा (स्ट्रिंगवर बाण लावायच्या जागेचा) जवळून फोटो. जबलपूरला बो जोडल्यावर पहिलं काम हे आकडे पुन्हा ताडून बघणं. फरक दिसला तर स्ट्रिंग किंवा केबल हलली आहे, कोचना तिथेच दाखवा. त्यांच्याकडे बो-प्रेस (बो दाबून स्ट्रिंग सैल करायचं यंत्र) असेल. प्रेसशिवाय कंपाउंडची स्ट्रिंग बदलता येत नाही, त्यामुळे जास्तीची स्ट्रिंग नेणार असाल तर प्रेस कोणाकडे आहे ते आधी विचारा.

बो बंद गाडीत किंवा भर उन्हात ठेवू नका, उष्णतेने स्ट्रिंग ताणली की पीप फिरतो. आणि कोणी "दाखव गं कसा ओढतात" म्हणालं तरी बाण न लावता ओढून सोडायचा नाही. रिकाम्या झटक्याने लिंब फुटू शकते. गाडीत सहप्रवाशांना हमखास हौस येते, तेव्हा केसला कुलूप असू द्या.

रामबाग_इंदूर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आम्ही दोघी जमिनीवर सतरंजी टाकून बसलो. दूरदेशींनी सांगितल्याप्रमाणे एकेक बाण वाकवून बघितला. एका बाणाचा फिरवताना बारीक टक्‌ असा आवाज आला. मला वाटलं माझा भास, पण भाचीने कान देऊन पुन्हा वाकवला आणि काही न बोलता तो वेगळा ठेवला. आता अकरा आहेत, कोच म्हणाले पुरतील.

बॅग झटकली, पातं वगैरे काही निघालं नाही. नवी काळी बॅग घेतली. लिंब्जवर काळं व्हिनाइल बसवून घेतलं, फोटो पाठवला, कोचनी "चालेल" म्हणून कळवलं. दुसरा रिलीज तिच्याकडे होता, पण सेटिंग वेगळं होतं. कालपासून दोन्ही सारखे करून ती आलटून पालटून वापरते आहे. तानसेननगरताई, पाण्याचं तुम्ही लिहिलंत ते तिला वाचून दाखवलं, तर म्हणाली, मागच्या वेळी असंच झालं होतं, पण घरी सांगितलं नव्हतं.

आता एकच विचारायचं राहिलं. आमच्या दोन्ही बर्थ मधल्या आहेत. बोची केस कुठे ठेवावी? आणि कागदपत्रांत आधार, जन्मदाखला, प्रवेश अर्ज घेतलाय, आणखी काही?

मांडवी_बडोदा

मुलासोबत बरेचदा असा प्रवास झालाय. केस खालच्या बर्थखाली, भिंतीच्या बाजूला सरकवा, आणि सायकलची साखळी बर्थच्या पायातून ओवून कुलूप लावा. खालच्या प्रवाशाला आधी सांगा, म्हणजे तो वर ट्रंक ढकलणार नाही. बाणांची नळी केसमध्येच ठेवा. रिलीज मात्र केसमध्ये नको, दोन्ही तुमच्या पर्समध्ये, उशाशी.

कागदांत संघटनेचं ओळखपत्र आणि कोचचं एक पत्र, की ही खेळाडू अमुक ठिकाणी चाचणीला चालली आहे. स्टेशनवर सामान तपासताना ते दाखवलं की पुढे प्रश्न येत नाहीत. फोटो लागतात कधीकधी, पासपोर्ट आकाराचे चार ठेवा. आणि दोन पेन. गुण लिहायला लागतात, आणि टार्गेटवरच्या जुन्या छिद्रांवर खूण करायलाही. खूण केलेली असली की एखादा बाण लागून परत उसळला तरी त्याचं छिद्र सापडतं.

रामबाग_इंदूर

पत्र आजच मागवते. साखळी दादाच्या सायकलची काढून ठेवली. बॅग भरून दाराशी आहे, फक्त दशम्या निघायच्या दिवशी करायच्या. परत आल्यावर कुठलं सामान वापरलं गेलं आणि कुठलं नुसतंच वाहिलं ते इथेच लिहीन, पुढच्या कोणाला तरी लागेल.