पन्हाळ्याच्या चढावर बोटे बधिर होतात; बूट बदलावेत का?

प्रश्न: कोल्हापूरहून पन्हाळ्याला, म्हणजे सुमारे २० किलोमीटर, सायकलने जाताना वाघबीळनंतरच्या चढावर माझ्या पायांची बोटे बधिर होतात. क्लीटचे (तळाला पेडलमध्ये अडकणारा तुकडा, म्हणजे क्लीट, असलेले) बूट नेहमीच्याच मापाचे आहेत. एक नंबर मोठा घ्यावा का?

उत्तर १: लांबीआधी रुंदी तपासावी, कारण मोठ्या बुटात टाच सरकते, मग आपण पट्टा आवळतो आणि दुखणे तसेच राहते. दिवसभरात पाय थोडे फुगतात, म्हणून सायकलिंगचेच मोजे घालून संध्याकाळी माप घ्यावे. बोटे पुढे टेकू नयेत आणि टाच उचलली जाऊ नये, एवढे पाहिले तरी पुरे.

उत्तर २: नवे बूट घेण्याआधी क्लीट दोन-तीन मिलिमीटर टाचेकडे सरकवून पाहावे, म्हणजे चवड्यावरचा दाब कमी होतो. स्क्रू सैल करण्यापूर्वी जुन्या जागेभोवती पेनने रेघ मारावी. फरक पडला नाही तर परत येता येते. त्यानंतर सीट किंचित खाली घ्यावी लागते, आणि हे बहुतेक जण विसरतात.

उत्तर ३: चढ सुरू होण्याआधी पुढचा पट्टा एक खाच सैल करावा. साध्या चपला घालून सायकल हाणणाऱ्या आपल्या दूधवाल्यांना हा त्रास होत नाही, ते उगाच नव्हे!