मदत हवी आहे : ताराबाईंचं भित्तिचित्र, भिंतीला लोणा

दादरच्या एका जुन्या इमारतीच्या कुंपणभिंतीवर 12 बाय 8 फुटांचं महाराणी ताराबाईंचं चित्र करायचंय. उधळलेला घोडा, उगारलेली तलवार नको. 1700 साली राजाराम महाराज गेले आणि पंचविशीतल्या या बाईने औरंगजेबाविरुद्धची लढाई पुढे चालवली. म्हणून त्या बैठकीवर, नकाशावर बोट ठेवून सरदारांना हुकूम देताना हव्यात. कॅलेंडरवरचा गोरा, नाजूक चेहरा तर नकोच नको!

कच्चं चित्र 1 इंचाला 1 फूट या मापाने चौकटी आखून तयार आहे. अडचण भिंतीची. खालच्या 2 फुटांवर लोणा, म्हणजे ओलीने बाहेर येणारे पांढरे क्षार, फुटलाय. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा आत मुरतात. वरून पुट्टी मारली तर पावसाळ्यानंतर रंगासकट पापुद्रे सुटतात. कोरड्या ब्रशने झाडून, तेवढा सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा करावा का? त्यावर अ‍ॅक्रिलिक इमल्शन किती दिवसांनी चालेल? लुगड्यासाठी हिरमंजीच (तांबडा मातीचा रंग) धरलीय, उन्हात ती टिकते.

दुसरं, बैठकीत नऊवारीच्या कासोट्याच्या निऱ्या कशा पडतात, हे दाखवणारे फोटो कुणाकडे आहेत का? समोरून आणि बाजूने, दोन्ही हवेत.