राखमानिनॉव्हच्या एत्यूद-ताब्लो: क्रमांकांचा घोळ, आणि वाजवताना 'चित्र' माहीत असावे का?

प्रश्न

मी बरीच वर्षे पियानो शिकते आहे. शोपाँच्या निम्म्याहून अधिक एत्यूद हाताखालून गेल्यावर माझ्या शिक्षकांनी मला रशियन संगीतकार सेर्गेई राखमानिनॉव्हच्या 'एत्यूद-ताब्लो' या पियानो-रचनांच्या दोन संचांकडे, ओपस ३३ आणि ओपस ३९ कडे ('ओपस' म्हणजे संगीतकाराच्या कृतीचा क्रमांक), वळायला सांगितले. 'ओपस ३३ मधली सहावी घ्या', एवढेच ते म्हणाले. माझ्याकडच्या जुन्या छापील प्रतीत सहावी रचना सी शार्प मायनर या स्केलमधली (स्वरपट्टीतली) आहे, आणि तिच्या माथ्यावर 'ग्रावे' (अतिसंथ, गंभीर) अशी सूचना आहे. तीन आठवडे मी तिच्यावर मेहनत घेतली, आणि शिकवणीला वाजवायला बसले तेव्हा पहिल्या दोन ओळींतच शिक्षकांनी मला थांबवले, कारण त्यांच्या मनात होती ती ई फ्लॅट मेजरमधली रचना, जी त्यांच्या प्रतीत सहावी आहे आणि माझ्या प्रतीत चौथी. चूक कोणाचीच नव्हती, परंतु हा घोळ मुळात कसा झाला ते समजून घ्यावेसे वाटते.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. 'एत्यूद' म्हणजे अभ्यासासाठी लिहिलेली रचना आणि 'ताब्लो' म्हणजे चित्र. नाव असे असूनही संगीतकाराने एकाही रचनेला चित्राचे शीर्षक दिलेले नाही. ओपस ३९ मधली दुसरी, ए मायनरमधली रचना 'समुद्र आणि सीगल पक्षी' या नावाने ओळखली जाते, हे मी वाचले, आणि त्यानंतर माझे वाजवणे बिघडले. डाव्या हाताने लाटा काढायच्या आहेत असे मनाने घेतले आणि मी प्रत्येक ट्रिपलेट (एका ठोक्यातले तीन समान स्वर) फुगवू लागले, ओसरवू लागले, इतके की लय कुठे आहे हेच ऐकू येईना. तेव्हा वाजवणाऱ्याने हे चित्र डोळ्यांसमोर ठेवावे, की केवळ स्वरलिपीत आहे तेवढेच वाजवावे?

माझा हात लहान आहे, नऊ स्वरांचे अंतर कसेबसे गाठतो. या दृष्टीने कोणती रचना आधी घ्यावी हेही कोणी सांगितले तर आभारी राहीन.

उत्तर १

क्रमांकांविषयी मी सांगू शकतो, कारण ओपस ३३ च्या तीन वेगवेगळ्या प्रती माझ्याजवळ आहेत आणि तिन्हींमध्ये क्रम निराळा आहे.

राखमानिनॉव्हने १९११ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस, इवानोव्का या आपल्या आवडत्या गावी राहत असताना, ओपस ३३ साठी नऊ रचना लिहिल्या. १९१४ मध्ये संच छापला गेला तेव्हा त्यात सहाच होत्या. सी मायनर, ए मायनर आणि डी मायनर या तीन, म्हणजे हस्तलिखितातल्या तिसरी, चौथी आणि पाचवी, त्याने मागे ठेवल्या. त्यांपैकी ए मायनरमधली रचना त्याने १९१६ मध्ये सुधारून घेतली आणि ती ओपस ३९ मध्ये सहाव्या स्थानी गेली. उरलेल्या दोन त्याच्या हयातीत छापल्याच गेल्या नाहीत. १९४३ मध्ये तो वारला, आणि त्या १९४८ मध्ये प्रसिद्ध झाल्या.

परिणामी आज तीन मोजण्या एकाच वेळी चालू आहेत. सहा रचनांची जुनी आवृत्ती, दोन मरणोत्तर रचना जागच्या जागी बसवलेली आठ रचनांची आवृत्ती, आणि मूळ हस्तलिखिताचा नऊचा क्रम पाळून चौथी जागा रिकामी सोडणारी तिसरी पद्धत. आपली ई फ्लॅट मेजर अनुक्रमे चौथी, सहावी आणि सातवी ठरते. जी मायनर पाचवी, सातवी किंवा आठवी. पहिल्या दोन, एफ मायनर आणि सी मेजर, यांना मात्र कोणी हलवलेले नाही. म्हणून ओपस ३३ विषयी बोलताना क्रमांक सोडून द्यावा आणि स्केल सांगावी. ई फ्लॅटच्या बाबतीत मेजर की मायनर हेही सांगावे, कारण या संचात दोन्ही आहेत आणि त्या लागोपाठ येतात. ओपस ३९ च्या नऊ रचनांमध्ये असा प्रश्न उद्भवत नाही.

त्या सी मायनर रचनेविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिच्या शेवटच्या भागातले संगीत राखमानिनॉव्हने १९२६ मध्ये आपल्या चौथ्या पियानो कॉन्चेर्तोच्या (पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेच्या) संथ भागात वापरले. पंधरा वर्षे कपाटात पडलेले ते दीड पान त्याच्या मनातून गेलेले नव्हते. मी ही रचना कॉन्चेर्तोनंतर वाजवायला घेतली, आणि ती ओळ हाताखाली आली तेव्हा क्षणभर थांबलो होतो.

उत्तर २

चित्रांविषयी लिहिते.

ही शीर्षके कुठून आली हे आधी पाहावे लागेल, कारण त्यात आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. बॉस्टन सिंफनीचे संचालक सेर्गेई कुसेवित्स्की यांच्या पुढाकाराने इटालियन संगीतकार ओत्तोरीनो रेस्पिगी याने १९३० मध्ये यांतल्या पाच रचना वाद्यवृंदासाठी बसवल्या, आणि १९३१ मध्ये त्या बॉस्टनमध्ये प्रथम सादर झाल्या. या कामासाठी राखमानिनॉव्हने रेस्पिगीला पत्र लिहून त्या पाच रचनांमागची चित्रे सांगितली: समुद्र आणि सीगल पक्षी, लाल टोपीवाली मुलगी आणि लांडगा, जत्रेतले दृश्य (ही ओपस ३३ मधली ई फ्लॅट मेजर), पौर्वात्य धाटणीचे मार्च (चालत्या पावलांच्या ठेक्याचे संगीत) आणि शवयात्रेचे मार्च. एरवी आपल्या मनातली चित्रे उघड करणे त्याला रुचत नसे, ऐकणाऱ्याने आपले चित्र आपण रंगवावे असे तो म्हणे. येथे त्याने अपवाद केला, कारण कोणता स्वर बासरीला द्यायचा आणि कोणता ट्रॉम्बोनला, हे ठरवणाऱ्या माणसाला रंग माहीत असणे आवश्यक होते. लक्षात घेण्याजोगी बाब ही की समुद्राचे चित्र आपल्या पत्नीने सुचवले, असे त्याने त्याच पत्रात नमूद केले आहे. म्हणजे जे शीर्षक आज जणू रचनेचा भागच असल्यासारखे छापले जाते, ते स्वतः संगीतकाराच्याही लेखी एका जवळच्या श्रोत्याला सुचलेले चित्र होते.

तरीही ही चित्रे निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. ती कशासाठी वापरायची हे कळले पाहिजे. शवयात्रेचे मार्च, म्हणजे ओपस ३९ मधली सातवी, सी मायनर रचना घ्या. तिच्याविषयी त्याने सर्वांत सविस्तर लिहिले आहे: सुरुवातीला मार्च, मग गाणारा गायकवृंद, त्यानंतर सोळांशांच्या (छोट्या, जलद स्वरांच्या) चालीत बारीक, न थांबणारा, आशा नसलेला पाऊस, तो वाढत वाढत चर्चच्या घंटांपर्यंत पोहोचतो आणि शेवटी मार्च परत येते. मी ही रचना प्रथम वाजवली तेव्हा पावसाच्या त्या भागात भावना ओतण्याचा माझा खटाटोप चालला होता, प्रत्येक वळणावर थोडे थांबणे, थोडे चढणे. पाऊस असे काही करत नाही. तो नुसता पडत राहतो. हे उमगल्यावर मी त्या भागातून सगळी चढ-उतार काढून टाकली, बोटे पट्ट्यांच्या अगदी जवळ ठेवली, आवाज जवळजवळ एकाच पातळीवर धरला, आणि मग घंटा आल्या तेव्हा त्या खरोखर कुठून तरी दुरून आल्यासारख्या वाटल्या. चित्राने मला काय करू नये ते सांगितले, आणि माझ्या दृष्टीने त्याचा खरा उपयोग तेवढाच आहे.

आपल्या समुद्राचेही तेच आहे. किनाऱ्यावर उभे राहून पाहिले तर एकेक लाट फुगते हे खरे, परंतु समुद्र घाई करत नाही आणि थबकतही नाही. डाव्या हाताच्या ट्रिपलेटना अजिबात आकार न देता, मृदू आणि समान, महिनाभर एकट्याच वाजवून पाहा. उजव्या हातात दोनाची विभागणी येते, आणि तीनावर दोन हा ताणच त्या रचनेला हेलकावा देतो. तो लिहून ठेवलेला आहे, आपण वरून घालण्याची आवश्यकता नाही.

उत्तर ३

वरील उत्तर मला बरेचसे पटते, परंतु ए मायनर रचनेच्या बाबतीत समुद्रापेक्षा महत्त्वाची गोष्ट त्यात राहून गेली असे वाटते. त्या डाव्या हातात 'दिएस ईरे' आहे. मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थनेतली ही मध्ययुगीन धून राखमानिनॉव्हच्या संगीतात जन्मभर फिरत राहिली, आणि तिचे पहिले चार स्वर ए मायनरमध्ये सी, बी, सी, ए असे येतात. ते एकदा कानांना सापडले की लाटा फुगवण्याचा मोह आपोआप जातो, कारण अंत्यविधीची धून कोणी फुगवत नाही.

ओपस ३९ कोणत्या काळात लिहिले गेले तेही पाहावे. एप्रिल १९१५ मध्ये त्याचा सहाध्यायी, संगीतकार स्क्र्याबिन अकाली गेला, दोन महिन्यांच्या आत त्याचे गुरू तानेयेव गेले, आणि १९१६ मध्ये वडील वारले. पहिले महायुद्ध चालूच होते. नऊ रचनांपैकी आठ मायनरमध्ये आहेत, आणि नववी, डी मेजरमधली, आनंदाची म्हणावी तर तिचा आनंदही धातूसारखा कठीण आहे. १९१७ च्या डिसेंबरमध्ये त्याने रशिया सोडला तो कायमचा, आणि हा संच त्याने तेथे लिहिलेली शेवटची मोठी नवी कृती ठरली. ही माहिती मी चित्रांहून वरची मानतो. चित्र हे एका रचनेपुरते असते, तर हे ओझे सगळ्या नऊ रचना मिळून वाहतात, आणि म्हणूनच त्या सुट्या वाजवल्या तरी एकदा तरी सलग ऐकाव्यात.

आता हाताविषयी. राखमानिनॉव्हचा स्वतःचा पंजा फार मोठा होता, आणि लिहिताना त्याने इतरांच्या पंजाचा विचार केलेला नाही. अनेक जण सी मेजर रचना, म्हणजे ओपस ३३ मधली दुसरी, सोपी म्हणून सुचवतात, कारण ती वेगवान दिसत नाही. लहान हातासाठी तो सल्ला मला योग्य वाटत नाही. तिच्या डाव्या हातातले तुटक स्वरसमूह ऑक्टेव्हच्या (आठ स्वरांच्या अंतराच्या) बरेच पलीकडे पसरतात, आणि बोटे ताणून ते धरून ठेवू गेल्यास मनगट दुखू लागते. ती घ्यायचीच असेल तर ताणू नका. स्वर वाजला की बोट सोडा, मनगट बाजूला न्या, आणि आवाज जोडण्याचे काम पेडलवर सोपवा. मी हे उशिरा शिकलो आणि मधले काही महिने मला पियानोपासून दूर राहावे लागले, म्हणून एवढ्या आग्रहाने लिहितो आहे. आधी ओपस ३३ मधली जी मायनर घ्यावी असे मी सुचवीन. तिची गती मध्यम आहे, पंजाला ताण तुलनेने कमी पडतो, आणि एकाच वेळी तीन-चार थर निरनिराळ्या आवाजात ठेवण्याची जी खरी अडचण या सगळ्या संचात आहे, ती तिच्यात उघडपणे समोर येते. ओपस ३९ मधली पहिली आणि पाचवी, आणि ओपस ३३ मधली ई फ्लॅट मायनर, या सध्या दूर ठेवाव्यात.

आपल्या शिक्षकांनी सांगितलेली ई फ्लॅट मेजर घेण्यापूर्वी राखमानिनॉव्हने स्वतः १९४० मध्ये केलेले तिचे ध्वनिमुद्रण अवश्य ऐका. जत्रेतला सगळा गलबला त्यात आहे, पण ठेका कोठेही ढिला पडत नाही. 'लाल टोपीवाली मुलगी आणि लांडगा' या रचनेचे त्याचे ध्वनिमुद्रणही १९२५ सालचे उपलब्ध आहे. आरंभीची ती मंद्रातली गुरगुर तो कशी एका झटक्यात वर फेकतो, ते मी कित्येकदा मागे नेऊन ऐकले आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. गेले दहा दिवस मी ए मायनर रचनेचा फक्त डावा हात, मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारे यंत्र) लावून, कोणताही आकार न देता वाजवत होते. सी, बी, सी, ए हे स्वर आता न शोधता ऐकू येतात. काल प्रथमच उजवा हात जोडला. पहिल्या पानावर दोन्ही हात एकमेकांना धरून चालले, पण मधल्या भागात, जिथे स्वर दाटत जातात आणि आवाज चढतो, तिथे उजव्या हाताच्या ओढीने डावा हात धावू लागला. शिक्षकांशी बोलून जी मायनर रचनाही हाती घेतली आहे, आणि या वेळी स्केल सांगूनच ठरवले. मधल्या भागासाठी काही उपाय असेल तर सांगावा.

उत्तर २ लिहिणारीकडून

चढत्या भागात आपण आवाज आणि वेग एकत्र वाढवत असणार. जवळजवळ सगळ्यांचे तसेच होते. काही दिवस तो भाग उलटा वाजवून पाहा, म्हणजे स्वर जिथे सर्वांत दाट आहेत तिथे आवाज सर्वांत हळू ठेवा आणि विरळ ठिकाणी मोठा. हात बुचकळ्यात पडतील, पण त्यांची 'मोठे म्हणजे जलद' ही सवय मोडेल. मग लिहिल्याप्रमाणे वाजवा, आणि चढ सगळ्या बोटांत न वाटता फक्त उजव्या हाताच्या वरच्या स्वरात आणि डाव्याच्या सर्वांत खालच्या स्वरात ठेवा, मधले सगळे पूर्वीइतकेच मृदू. त्या रचनेच्या अखेरीस आरंभीची लाट परत येते, तेव्हा ती पहिल्या पानावरच्याच वेगाने येते की नाही, ते मेट्रोनोम बंद करून ध्वनिमुद्रणात तपासा. माझी सुरुवातीला दर वेळी जलद यायची.