प्रॉडक्ट डिझाइनला बारावी सायन्स लागतंच का?

काटकोन: यूसीडला, म्हणजे डिझाइनच्या प्रवेश परीक्षेला, बारावीची कुठलीही शाखा चालते. कॉमर्स, आर्ट्सची मुलंही आयआयटी मुंबईत बी.डेस. (डिझाइनची पदवी) करू शकतात. तरी पालकांना 'आधी सायन्स' हवंच असतं. माझ्या मते शाळेतलं विज्ञान पक्कं असलं की बास, उरलेलं वर्कशॉप शिकवतं.

रंधा: वर्कशॉप काय तुटलं ते दाखवतं, का तुटलं ते नाही. शेल्फची फळी वाकली की मुलं जाडी 'थोडीशी' वाढवतात. ताठपणा जाडीच्या घनात वाढतो. 12 मिमीऐवजी 18 मिमी प्लाय घेतला तर जवळजवळ 3.4 पट, वजन मात्र दीडपटच. आणि आधारांमधलं अंतर दुप्पट करून पुस्तकं तशीच दाटीनं भरली तर फळी 16 पट वाकते. हे ठाऊक नसेल तर सगळं अंदाजपंचे.

काटकोन: हे एका दुपारचं काम आहे, त्यासाठी दोन वर्षं ऑरगॅनिक केमिस्ट्री कशाला? 9 व्होल्टची बॅटरी, लाल एलईडीला 2 गेले, उरले 7. 20 मिलिअँपिअरला 350 ओहमचा रेझिस्टर. दुकानात 330 किंवा 390 मिळतो, 390 लावा. शाळेतला ओहमचा नियम, विषय संपला.

दमट_हवा: केमिस्ट्रीला एवढं हसू नका. लेझर कटरवर पीव्हीसी टाकलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो. फुप्फुसांना घातक, शिवाय मशीनचे रूळ गंजतात. ॲक्रिलिक सुरेख कापलं जातं, पण कापलेली कड स्पिरिटनं पुसली की बारीक तडे जातात, कारण उष्णतेचा ताण कडेत अडकलेला असतो. आधी 80 अंशांच्या आसपास काही तास तापवून सावकाश थंड करावं लागतं.

लाकडाचंही तेच. पावसाळ्यात ते रेषांच्या आडव्या दिशेनं फुगतं, लांबीत जवळपास नाहीच. म्हणून टेबलाच्या टॉपचे स्क्रू लांबट भोकांत बसवतात. घट्ट गोल भोकं ठेवली तर कोरड्या हवेत टॉप चिरतो.

रंधा: प्लास्टिकच्या मोल्डिंगमध्ये रिब, म्हणजे भिंतीला आतून आधार देणारी पट्टी, भिंतीइतकीच जाड ठेवली तर तिथला प्लास्टिकचा गोळा उशिरा थंड होऊन आकसतो आणि बाहेरच्या बाजूला खळगा पडतो. 2.5 मिमी भिंतीला रिब 1.5 मिमीच्या पुढे नको.

काटकोन: यातलं बारावीच्या पुस्तकात काय आहे? पीसीबीत (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) नव्वद टक्के मिळवलेला मुलगाही पीव्हीसी कटरवर टाकेलच की!

दमट_हवा: टाकेल. पण रेणूत क्लोरीन आहे म्हटल्यावर त्याला पुढचं सांगावं लागत नाही. कॉमर्सवाल्यानं निदान बलाचे आघूर्ण, उष्णतेनं होणारं प्रसरण आणि पॉलिमरचे प्रकार एवढं आधी वाचून यावं.

काटकोन: आणि कॅल्क्युलस?

रंधा: ते राहू द्या. घातांक मात्र चुकवू नका.