‘अरेंजमेंट’ला मराठीत काय म्हणायचं? (‘नवी चाल’ चालेल का?)

प्रश्न : चर्चमधल्या कॉयरच्या, म्हणजे एकत्र गाणाऱ्या मंडळींच्या, कार्यक्रमाचं माहितीपत्रक मराठीत करून देतोय. त्यात जुन्या उपासनागीतांच्या ‘न्यू अरेंजमेंट’ दर दोन ओळींनी येतात. मी ‘पारंपरिक गीताला नवी चाल’ असं लिहिलं, तर ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी कागद परत दिला. ‘चाल कुठे बदललीय?’ एवढंच म्हणाल्या. मग लिहू काय?

– बाईंचं बरोबर आहे. या गीतांत शब्द वेगळे आणि चाल वेगळी, चालीला स्वतःचं नावही असतं. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल : अमुक’ छापत, तसाच प्रकार. ‘ओल्ड हंड्रेड्थ’ ही चाल घ्या. जिनिव्हात १५५१ साली ती बायबलमधल्या १३४व्या स्तोत्राला होती. इंग्रजीत ती १००व्या स्तोत्राला जोडली गेली आणि तेच नाव पडलं. शब्द बदलले, चाल तीच.

आता २ जून १९५३. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेक. इंग्रज संगीतकार व्हॉन विल्यम्सनी हीच चाल कॉयर, ऑर्गन, वाद्यवृंद आणि ट्रम्पेट यांच्यासाठी नव्याने बांधली. एका कडव्याला तर जॉन डाउलंड या जुन्या संगीतकाराने याच चालीवर केलेली तीनशेहून अधिक वर्षं जुनी स्वररचना घेतली. पण जमलेल्या मंडळींनीही सोबत गायचं होतं. चाल बदलली असती तर ते गाणार काय? बदलतं ते चालीच्या भोवतीचं.

– मग ‘संयोजन’ का नको? कॅसेटच्या वेष्टनावर संगीतकाराच्या खाली ‘संगीत संयोजक’ असायचाच की.

– चालेल, पण नुसतं ‘संयोजन : अमुक’ लिहाल तर लोक त्या माणसाला हॉल कोणी बुक केला ते विचारतील. कार्यक्रमपत्रिकेत संयोजक म्हणजे खुर्च्या मांडून घेणारा! ‘संगीतसंयोजन’ असं पूर्ण लिहा.

– ‘संगीतसंयोजन’ सरसकट लावू नका. जर्मन संगीतकार बाखने १७३१च्या एका कँटाटातला (गायक आणि वाद्यांसाठीच्या मोठ्या रचनेतला) टेनरचा, म्हणजे उंच पुरुषी आवाजाचा, भाग पुढे स्वतःच ऑर्गनसाठी लिहिला. व्हायोलिनची धून उजव्या हाताला, टेनर गातात ती निकोलाय नावाच्या रचनाकाराची १५९९ची चाल डाव्या हाताला आणि खालच्या सुरांचा बास पायांना. इंग्रजीत यालाही अरेंजमेंटच म्हणतात. मराठीत मी ‘ऑर्गनसाठी रूपांतर’ म्हणेन. जुन्या चालीला स्त्रियांचे सोप्रानो, आल्टो आणि पुरुषांचे टेनर, बास असे चार आवाज नव्याने लिहिले असतील तर ‘चार आवाजांची नवी बांधणी’. शब्द लांबला तरी वाचणाऱ्याला काय ऐकायला मिळणार ते कळतं.

– ‘बास पायांना’ म्हणजे? ऑर्गनला पायाने हवा भरतात ना?

– ती आपली नाट्यसंगीताच्या साथीची पायपेटी. पाइप ऑर्गनला पायाखाली लांब पट्ट्यांची वेगळी ओळच असते, तिच्यावर स्वर वाजवतात. हवेची सोय दुसरीकडे. माहितीपत्रकात नुसतं ‘ऑर्गन’ न लिहिता ‘पाइप ऑर्गन’ लिहा, अर्थात तुमच्याकडे तो असेल तर.

प्रश्नकर्ता : नाही हो, इलेक्ट्रॉनिक आहे. आणि ‘फ्रेश’चं काय? ‘ताजं संगीतसंयोजन’ लिहू?

– ताजी मेथी. ‘नवं’ लिहा.

– शेवटच्या कडव्यात सोप्रानो चालीच्या वरून वेगळंच काही गातात, त्याला मराठी शब्द आहे का?

– ‘डेस्कंट’च म्हणतात. कॉयरमध्ये कोणी दुसरा शब्द वापरलेला मी ऐकला नाही, उगाच घडवू नका.

प्रश्नकर्ता : आत्ताच बाईंना नवा कागद दाखवून आलो. आता ‘चाल : ओल्ड हंड्रेड्थ’ आणि खालच्या ओळीत ‘नवं संगीतसंयोजन’ असं आहे. ते बाईंनी तसंच ठेवलंय. मी हौसेने ‘गायकवृंद’ लिहिलं होतं, ते मात्र खोडून ‘कॉयर’ केलं.