फुटक्या बाटल्यांची काच वीटभट्टीत: घालावी की नको?

जांभादगड: किनाऱ्यावर पर्यटक वाढले तशा बाटल्याही. अख्खी बाटली भंगारवाला उचलतो. फुटकी काच, अलिबाग असो की तारकर्ली, शेवटी कचऱ्याच्या ढिगातच. ती दळून विटेच्या मातीत घालावी, असं माझं ठाम मत आहे. बाटलीच्या काचेत सोडा असतो, म्हणून ती ७२५ अंशांच्या आसपास मऊ पडते आणि मातीतली छिद्रं बुजवते. वीट पाणी कमी पिते, ताकद वाढते. कोरड्या मातीच्या ८ टक्के घालायची, म्हणजे तीन किलोंच्या हजार विटांना २४० किलो.

आवा: साफ विरोध. आपल्याकडच्या बऱ्याच विटा तूस-लाकडासोबत उघड्यावर रचलेल्या थप्पीत भाजतात. तोंडाशी हजार अंश, तर कडेला सातशेही नसतात. कडेच्या विटेत काच मऊच होणार नाही, ती नुसती वाळू ठरेल. तोंडाजवळच्या विटा एकमेकींना चिकटून झामा, म्हणजे जास्त भाजून वेड्यावाकड्या, होतील. शिवाय मातीतही तूस मळलेलं असतं. काच वितळून वरचा थर बंद झाला की आतलं तूस जळायचं राहतं. वीट फुगते, फोडून पाहिली तर गाभा काळाकुट्ट.

कौलारू: हा दोष भट्टीचा, काचेचा नव्हे. तापमान हातात असलेल्या भट्टीत ६०० ते ६५० अंशांवर दोन-तीन तास थांबायचं, आतलं सगळं जळू द्यायचं, मग ९०० ते ९५० गाठायचं. उतरताना ६०० ते ५०० हा टप्पा सावकाश, कारण ५७३ अंशांना मातीतलं क्वार्ट्झ एकदम आकसतं आणि तडे जातात. काच आधी हॅमर क्रशरमध्ये फोडा, मग बॉल मिलमध्ये दळून ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढा. जाड कण राहिला की तिथे खड्डा पडतो. १० टक्क्यांपुढे जाऊ नका. काचेला चिकटपणा नसतो, साचा काढताना कच्च्या विटेचे कोपरे ढासळतात. फरशीत ती थोड्या फेल्डस्पारच्या (भाजताना वितळणारं खनिज) जागी चालते, जास्त झाली तर फरशी भाजताना वाकते.

खाजणकाठ: लोणा, म्हणजे विटेवर फुटणारा मिठाचा पांढरा थर, त्याचं काय? वाळूतून वेचलेली काच खारट, त्यात खाडीकाठच्या खाजणाची माती आधीच मिठाची. काच गोड्या पाण्यात दोनदा धुवा. ट्यूबलाइट कटाक्षाने वगळा, तिच्यात पारा असतो. भाजलेली वीट २५ मिलिमीटर पाण्यात उभी करा, पाणी पूर्ण सुकू द्या, पुन्हा तेवढंच घालून सुकवा. पांढरा थर निम्म्याहून जास्त भागावर चढला तर ती माती सोडा. पाणी शोषण साध्या विटेला वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत चालतं. काच घालूनही तेवढंच येत असेल तर दळण्याचा खर्च कशासाठी?

आवा: तोच तर प्रश्न! दळायची वीज कोण भरणार? काच काचेच्या कारखान्यालाच द्या. तिथे १० टक्के काच-चुरा वाढवला की भट्टीची सुमारे अडीच-तीन टक्के ऊर्जा वाचते.

जांभादगड: कारखान्याला रंग वेगळे केलेला, स्वच्छ चुरा लागतो. किनाऱ्यावरचा हिरवा-तपकिरी-पांढरा चुरा एकत्रच येतो, वर घाटापलीकडची वाहतूक. विटेला रंगाचं काही पडलेलं नाही. थप्पीच्या भट्टीत ५ टक्क्यांवर थांबा आणि त्या मातीत तूस मळू नका, एवढं मला मान्य.